मोटारघराचे शटर : निगा आणि सावधगिरी

पावसाळ्यापूर्वी कौले चाळावयाची, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालावयाचे, दिवाळीच्या सुमारास भिंतींना रंग द्यावयाचा, ही कामे आपल्याकडे घरोघर ठरून गेलेली आहेत. मोटारघराला बसविलेल्या लोखंडी शटरच्या देखभालीचा मात्र असा कोणताच रिवाज पडलेला नाही. ते अडले की दोघांनी जोर लावावयाचा, वर टिकेना तर खाली लाकूड टेकवावयाचे आणि अगदीच बंद पडले की कारागिराला बोलवावयाचे, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी दिसतो. हा प्रघात खर्चाचा आहे. त्याहूनही अधिक तो धोक्याचा आहे.

वजन आणि तोल

शटर हा साधा दरवाजा नव्हे, ते एक यंत्र आहे. एकमेकींत अडकविलेल्या पोलादी पट्ट्यांचा पडदा, तो ज्यांतून सरकतो त्या दोन्ही बाजूंच्या खाचा, वरचा आडवा नळ आणि त्या नळावरील चपट्या स्प्रिंगा, हे त्याचे मुख्य भाग होत. समजा, मोटारघराचे दार 3 मीटर रुंद व 2.5 मीटर उंच आहे आणि पत्र्याची जाडी 0.9 मिलिमीटर आहे. नुसत्या सपाट पत्र्याचेच वजन सुमारे 53 किलोग्रॅम भरते. पट्ट्यांचे वळसे व तळपट्टी धरली की ते आणखी वाढते. एवढे ओझे घरातील वृद्ध व्यक्तीही सहज वर सारू शकते, याचे श्रेय स्प्रिंगांना आहे. पडदा जसजसा खाली येतो तसतसे लोंबणारे वजन वाढते, आणि त्याच वेळी स्प्रिंगाही अधिकाधिक गुंडाळल्या जाऊन त्यांचा ताण वाढतो. अशा रीतीने वजन व ताण यांचा तोल राखला जातो. शटर जड वाटू लागले म्हणजे हा तोल तरी बिघडला आहे किंवा खाचांत अडथळा तरी निर्माण झाला आहे, असे समजावे. जोर लावणे हा त्यावरील उपाय नव्हे.

वर्षातून दोनदा

मे महिन्याच्या अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर, अशी दोनदा पाहणी पुरेशी होते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे गंज लवकर धरतो, तर पठारी भागात धूळ अधिक असते. तेथे याहून वरचेवर लक्ष द्यावे.

प्रथम दोन्ही खाचा ताठ ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसाव्यात. जुने चिकट तेल रॉकेल लावलेल्या फडक्याने निघते; मात्र त्या वेळी जवळपास विस्तव नसावा. नंतर शिलाईयंत्राला वापरतात तसल्या पातळ तेलाचा हात फिरवून जादा तेल टिपून घ्यावे. खाचांत जाड ग्रीस भरू नये. त्यात धूळ बसून खळीसारखा लगदा होतो आणि तो पट्ट्यांच्या कडा झिजवितो. कुलपात तेलाऐवजी शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड घालावी.

त्यानंतर तोलाची कसोटी घ्यावी. खाली कोणी नाही याची खात्री करून शटर कमरेइतके उचलावे आणि हाताची पकड न सोडता जोर कमी करावा. ते तेथेच राहिले तर तोल ठीक आहे. खाली घसरू लागले तर स्प्रिंगा दुबळ्या झाल्या आहेत. आपोआप वर धावू लागले तर ताण अधिक आहे. ही कसोटी खाचा साफ केल्यानंतरच घ्यावी, कारण घाणीमुळे पडदा अडून राहतो व स्प्रिंगांचा दोष झाकला जातो.

गंजाची सुरुवात बहुधा तळपट्टीपासून होते. तेथे पाणी साचू देऊ नये. खताची किंवा मिठाची पोती शटरला टेकवून ठेवू नयेत. गंजलेला भाग तारेच्या ब्रशने व पॉलिश कागदाने घासून रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि मग तेलरंग लावावा. रंगाचे थर पातळ असावेत. सांध्यांत रंग साचला की पट्ट्या वळत नाहीत. रंग पूर्ण वाळेपर्यंत शटर गुंडाळू नये.

काय करू नये

नळाला भिंतीवरील आधाराशी जखडणारे बोल्ट घरच्या माणसाने कधीही सैल करू नयेत. स्प्रिंगांत साठलेला ताण तेथेच धरून ठेवलेला असतो. तो एकाएकी सुटला तर नळ जोराने फिरतो व हात मोडू शकतो. स्प्रिंग बदलणे किंवा ताण कमी-अधिक करणे हे जाणत्या कारागिराचेच काम आहे. तो येईपर्यंत बिघडलेले शटर खाली उतरवून बंद ठेवावे. ओंडक्याच्या आधाराने अर्धवट उघडे ठेवू नये. शटर एकाच बाजूने ओढू नये, त्यामुळे पडदा तिरपा होऊन अडकतो. मुलांना त्याला लोंबकळू देऊ नये. वळणाऱ्या पट्ट्यांच्या फटींत कोवळी बोटे सापडतात, हे त्यांना समजावून सांगावे. विजेवर चालणारे शटर असल्यास साफसफाईपूर्वी वीजपुरवठा बंद करावा आणि वीज गेल्यावर ते हाताने कसे उघडावयाचे, हे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीने शिकून घ्यावे.

सार्वजनिक शटरे

हेच नियम ग्रामपंचायतीच्या गाळ्यांना, घंटागाडीच्या निवाऱ्याला आणि आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेच्या शेडला लागू पडतात. मध्यरात्री प्रसूतीच्या रुग्णासाठी गाडी काढावयाची आणि शटर अर्ध्यावर अडून बसावयाचे, हा प्रसंग कोणत्याही गावावर येऊ शकतो. तो टाळण्यासाठी खर्च येतो तो थोड्या तेलाचा, एका ब्रशचा आणि अर्ध्या तासाचा. पंचायतीने प्रत्येक शटरसाठी नोंदवहीत एक पान राखावे. पाहणीची तारीख, आढळलेला दोष व पाहणाऱ्याची सही त्यावर असावी. शिक्षकांनाही वजन व ताण यांचा तोल शिकविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी कौलांवर नजर टाकताना ती मोटारघराच्या शटरकडेही वळावी, एवढीच अपेक्षा आहे.