प्रवास, घड्याळ आणि इन्सुलिन

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे. रायपूर या रेखांशाच्या जवळच वसलेले असल्यामुळे तेथील घड्याळ आणि सूर्य यांच्यात फारसे अंतर पडत नाही. परंतु रायपूरहून दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्या प्रवाशाचे हे साहचर्य काही तासांतच तुटते. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या व्यक्तीला त्याचा हिशेब ठेवावाच लागतो.

या रोगात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. म्हणून इन्सुलिन बाहेरून द्यावे लागते. जेवणापूर्वी घ्यावयाच्या जलद इन्सुलिनचा संबंध अन्नाशी असतो. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र बहुधा २४ तासांच्या अंतराने घेतात, आणि प्रवासात खरा प्रश्न त्याचाच असतो.

समजा, रायपूरचा एक रोगी हे इन्सुलिन रोज रात्री ९ वाजता घेतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा साडेदहा तास मागे असते. तेथील रात्रीच्या ९ पर्यंत तो थांबला, तर दोन मात्रांमध्ये साडेचौतीस तास जातील. रक्तातील साखर वाढेल आणि घातक किटोनद्रव्ये साचू लागतील. परतताना याच्या उलट घडेल. साडेतेरा तासांतच दुसरी मात्रा घेतली जाईल, दोहोंचा परिणाम एकवटेल आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरेल. म्हणून स्थानिक वेळ न पाहता मागील मात्रेपासूनचे तास मोजावेत. एक घड्याळ रायपूरच्याच वेळेवर ठेवणे हा सोपा उपाय होय. मुक्काम दीर्घ असल्यास मात्रेची वेळ हळूहळू कशी सरकवावी, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

इन्सुलिन हातातील पिशवीतच असावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी ठरते. रायपूरचा कडक उन्हाळाही त्याला तितकाच अपायकारक असतो.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतात मिळणाऱ्या अनेक कुप्यांमध्ये दर मिलिलिटरला ४० एकके इन्सुलिन असते; अमेरिकेत सामान्यतः १०० एकके असतात. ४० एककांच्या सिरिंजने तेथील इन्सुलिन घेतल्यास मात्रा अडीचपट होते. यासाठी इन्सुलिन आणि सिरिंज पुरेशा प्रमाणात बरोबर न्यावीत.

वाटेत साखर वारंवार तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शेजारच्या प्रवाशाला आपल्या रोगाची कल्पना देण्यात संकोच बाळगू नये. शुद्ध हरपल्यास मदतीला तोच प्रथम धावून येणार असतो.