मनुष्यांचे भय व देवाचे भय

शास्त्रपाठ : योहान १२:४२-४३, गलतीकरांस पत्र २:११-१४

योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात यहूदी अधिकाऱ्यांविषयी दोनच वचने आहेत, आणि पुष्कळ वाचक ती ओलांडून पुढे जातात. ह्या अधिकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मने प्रभूकडे वळली होती. तथापि परूशी आपणांस सभास्थानातून घालवून देतील ह्या धास्तीने त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. हे लोक अविश्वासी होते असे योहान म्हणत नाही, अज्ञानी होते असेही म्हणत नाही. माणसांकडून मिळणाऱ्या मानाची त्यांस गोडी होती, एवढेच कारण तो देतो. मूळ ग्रीक भाषेत येथे जो शब्द आहे तो ‘डॉक्सा’ होय. त्याचा जुना अर्थ ‘मत’, म्हणजे लोकांचा आपल्याविषयी असलेला अभिप्राय, असा आहे; शास्त्रात तो ‘गौरव’ ह्या अर्थाने येतो. माणसाचा अभिप्राय हाच ज्याचा गौरव झाला, त्यास देवाकडील गौरव मिळवण्यास जागाच राहत नाही.

सभास्थानातून घालवणे म्हणजे काय, हे मराठी वाचकास फोडून सांगावयास नको. आपल्याकडे त्यास वाळीत टाकणे म्हणतात. विस्तव बंद, पाणी बंद, न्हावी बंद, मुलीस स्थळ बंद, मयतास खांदा बंद. ही शिक्षा इतकी जबर आहे की, महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत करावा लागला व २०१७ पासून तो अमलात आला. तेव्हा त्या अधिकाऱ्यांस भित्रे म्हणून हसणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहणे कठीण आहे.

ह्याचे एक उदाहरण आपल्याच मुंबईत घडले. १८४९ च्या सुमारास येथील काही विद्वान तरुणांनी परमहंस सभा नावाची मंडळी स्थापिली. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रमुख प्रेरक. ह्यांनीच १८३६ साली मराठी व्याकरण छापले, हे शाळेतल्या मुलांसही ठाऊक असावे. सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते. देव एक आहे आणि जातिभेद खोटा आहे, ही त्यांची मते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन आपली खात्री पटवावयाची असे. परंतु हे सर्व दारे लावून! बाहेर पडल्यावर प्रत्येक जण पुन्हा आपापल्या जातीचा. सभासद पुरेसे वाढले म्हणजे मग उघड करू, असा त्यांचा बेत होता. ते पुरेसे कधीच झाले नाहीत. सुमारे अकरा वर्षांनी, १८६० साली, सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली व नावे फुटली. त्याबरोबर सभा मोडली. मते खोटी ठरली म्हणून ती मोडली नाही. कोणी वाद घालून त्यांचे खंडन केले नव्हते. नावे कळली, एवढेच झाले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ह्याच मंडळींपैकी कित्येक पुढे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजात उघडपणे आले, आणि त्या समाजाने विद्या व समाजसुधारणा ह्यांत मोठे काम केले. देव भित्र्या माणसासही टाकून देत नाही.

त्या गुप्त सभेत बेळगावचा एक कासार जातीचा तरुण होता, बाबा पदमनजी. १८३१ साली जन्मलेला. आपल्या ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रात, जे १८८८ साली प्रसिद्ध झाले, त्यांनी ह्या सभेची हकीगत लिहून ठेविली आहे. त्यांस पुढे असे दिसून आले की, कोंडलेल्या खोलीत पाव खाणे निराळे आणि उजेडात उभे राहून मी अमुक मानतो असे म्हणणे निराळे. १८५४ साली बेळगाव येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. आईबाप जिवंत, जात जिवंत, आणि रडणे-भाकणे दारात. तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांची दुःखे लोकांपुढे मांडली. पुढे १९०६ साली मरेपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही.

आता तो पावच पाहा. ज्या पावाच्या तुकड्याने १८४९ साली माणूस जातीतून उठे, तो पाव आज घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील स्टेशनाबाहेर सर्व जातींची माणसे खांद्याला खांदा लावून, वड्यासह, उभ्याने खातात. कोणी विचारीत नाही की भाजणारा कोण. लोकमताचे असे आहे. ज्या गोष्टीसाठी ते आजोबास मारावयास उठते, तीच गोष्ट नातवास न्याहारी म्हणून देते. परमहंस सभेची माणसे ज्या मताला भ्याली ते मत गेले, आणि त्यांची ती अकरा वर्षेही गेली.

तथापि प्रत्येक माघार ही भीतीचीच असते असे धरू नये. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनात काही प्रतिष्ठित गृहस्थ व्याख्यानास गेले असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेविली गेली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले हे त्यांत होते. गोपाळराव जोशी ह्यांनी सर्वांची नावे छापून आणिली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीस मंडळ बसले, आणि अखेर १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या मित्रांस ह्याचे फार वाईट वाटले. रमाबाई रानडे ह्यांच्या आठवणींवरून असे दिसते की, त्यांस स्वतःच्या मानापेक्षा आपल्यामुळे अडचणीत सापडलेल्या सोबत्यांच्या घरांची काळजी अधिक होती. ही दया की भय? मला वाटते, दोन्हींचे धागे एकाच दोऱ्यात वळलेले असतात, आणि ते उलगडणे त्या माणसासही नेहमी साधत नाही.

येथे पौलाकडे पाहिले म्हणजे काही उजेड पडतो. लुस्त्र येथे त्याने यहूद्यांसाठी तीमथ्याची सुंता केली (प्रेषित १६:३). परंतु यरुशलेमात तीताची सुंता करावी असा आग्रह झाला तेव्हा तो तसूभरही हलला नाही (गलती २:३-५). कृत्य एकच, मग हा भेद का? तीमथ्याच्या वेळी दुसऱ्यास अडखळण होऊ नये हा प्रश्न होता; तीताच्या वेळी त्यावाचून तारण नाही असे लोक म्हणू लागले होते. पहिल्या ठिकाणी नमणे ही प्रीती होती, दुसऱ्या ठिकाणी नमणे हा सुवार्तेचा विश्वासघात झाला असता. पेत्र अंत्युखियात ह्याच ठिकाणी घसरला. परराष्ट्रीयांबरोबर तो एका पंक्तीस जेवत होता. याकोबाकडची माणसे आली आणि तो हळूच पाट सरकवून उठला. त्याचे पाहून बर्णबाही उठला. पंक्तीतून उठणाऱ्यास एकट्यास उठता येत नाही, तो दुसऱ्यासही उठवितो. म्हणून पौलाने त्यास एकीकडे नेऊन नव्हे, तर सर्वांसमक्ष बोलून दाखविले.

आपल्या उपनगरांतील मंडळ्यांत पेत्राचे हे दुखणे कोणत्या रूपाने येते? वाळीत टाकण्याचे भय मुलुंडच्या इमारतीत फारसे उरले नाही. शेजाऱ्याचे नावही पुष्कळांस ठाऊक नसते. परंतु ‘चार लोक काय म्हणतील’ हे वाक्य लिफ्टमधून वर चढून बाराव्या मजल्यावरही पोहोचले आहे. मुलीच्या लग्नाचा मांडव भावकीहून मोठा व्हावा म्हणून घेतलेले कर्ज पाच-पाच वर्षे फिटत नाही. मुलगा वर्गात नापास झाला तर त्याच्या अभ्यासाआधी घरच्या अब्रूची चिंता होते. कचेरीत सर्व जण मिळून खोटी बिले लावीत असता एकाने न लावणे म्हणजे उरलेल्यांस दोष देणे होय, म्हणून तोही लावतो. आणि मंडळीतही, पंचांच्या बैठकीत, ज्याची वर्गणी मोठी त्याच्या चुकीवर कोणी बोट ठेवीत नाही. आम्ही उपदेशकांनी हा पाठ शिकविताना ह्या शेवटच्या वाक्यावर घाई करू नये.

देवाचे भय म्हणजे काय, हे ह्याच्याशी ताडून पाहावे. शिपाई पाहून चोरास वाटते ते हे भय नव्हे. शौल राजा लोकांस भ्याला व लूट राखून बसला. शमुवेलापुढे त्याने हे कबूल केले, पण पाठोपाठ वडीलजनांसमोर आपला मान राखण्याची विनंतीही केली (१ शमुवेल १५:२४-३०). पश्चात्तापातही त्यास प्रेक्षक हवे होते. देवाचे भय धरणाऱ्यास एकच पाहणारा पुरतो, आणि तो पाहणारा आपला नाश नव्हे तर आपले कल्याण इच्छितो, हे त्यास ठाऊक असते. म्हणून लूक १२:४-७ मध्ये प्रभू देवाचे भय धरावयास सांगतो आणि त्याच दमात चिमण्यांची गोष्ट काढून भिऊ नका असेही म्हणतो.

वर्गात हा पाठ घेताना निकदेमाची तिन्ही ठिकाणे एकत्र वाचावी : योहान ३, ७ व १९. पहिल्या वेळी तो रात्री येतो. दुसऱ्या वेळी सभेत अर्धे वाक्य बोलतो व थट्टा होताच गप्प बसतो. तिसऱ्या वेळी, शिष्य पांगलेले असता, तो अरिमथाईकर योसेफाबरोबर दिवसाउजेडी येतो, कारण शब्बाथ लागण्यापूर्वी प्रेत ठेवणे भाग होते. बरोबर गंधरस व अगरू आहे, आजच्या मापाने सुमारे तेहतीस किलो. सण तोंडावर असता प्रेतास हात लावणारा नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध होई (गणना ९:६). त्या संध्याकाळी यरुशलेमातील सर्व घरे वल्हांडणास बसली असतील. ह्या दोघांस मात्र त्या पंक्तीस बसता आले नसेल.