झेंडू आणि कॅलेंडुला : एका नावाची दोन फुले

सेवाकार्याचा वृत्तान्त आणि जमाखर्च यांच्या जोडीने आरोग्यशिक्षणाचे एखादे पान अहवालात असावे, असे आम्हांस वाटते. अहवाल देणगीदारांच्या, विश्वस्तांच्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या अशा अनेक घरांत पोहोचतो आणि वर्षभर जपूनही ठेवला जातो. या पानासाठी आम्ही सर्वांच्या परिचयाचे एक फूल निवडले आहे. त्याच्या औषधी गुणांविषयी जेवढा विश्वास आहे, तेवढाच एक मोठा घोटाळाही आहे. तो दूर व्हावा, हा या लेखाचा हेतू.

घोटाळा कोठे होतो?

त्वचेच्या मलमावर, साबणावर किंवा चेहऱ्याच्या लेपाच्या वेष्टनावर 'मेरीगोल्ड' असे छापलेले असते आणि शेजारी केशरी फुलाचे चित्र असते. 'मेरीगोल्ड म्हणजे झेंडू' हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. त्यामुळे जे गुण वेष्टनावर वाचले, ते अंगणातल्या झेंडूतही असणार, असा समज सहजच होतो. मग कापले, भाजले, पायाला जखम झाली की झेंडूच्या पाकळ्या वाटून लावल्या जातात. मुरुमांवर किंवा उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्यावर त्यांचा लेप दिला जातो.

वस्तुस्थिती अशी की, इंग्रजीत 'मेरीगोल्ड' हे नाव दोन वेगळ्या वनस्पतींना आहे. त्वचेच्या औषधांत जिचा वापर होतो, ती 'कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस'. आपल्या तोरणात असतो तो झेंडू म्हणजे 'टॅजेटिस इरेक्टा'. सूर्यफूल आणि शेवंती ज्या कुळात येतात, त्याच कुळातल्या या दोघी आहेत. परंतु त्यांचे मूळ प्रदेश निराळे, अंगचे द्रव्य निराळे आणि त्वचेवर होणारा परिणामही निराळा.

झेंडूचा प्रवास

दसऱ्याला दारावर, वाहनावर, शेतीच्या अवजारांवर आणि रुग्णालयांतील यंत्रांवरही झेंडूची माळ चढते. कोकणात गोंडा या नावाने ओळखले जाणारे हे फूल आपल्या संस्कृतीत इतके मिसळून गेले आहे की, ते परदेशी आहे यावर विश्वास बसत नाही. झेंडूची मायभूमी मेक्सिको. तेथील प्राचीन नाहुआ भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुले', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे फूल, असा होतो. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या स्मरणाचा सण होतो, त्या वेळी घरे आणि समाध्या याच फुलांनी सजतात.

सन १५५२ मध्ये मार्तीन दे ला क्रुस या स्थानिक वैद्याने सांगितलेला आणि हुआन बादियानो याने लॅटिनमध्ये उतरवलेला एक वनौषधिग्रंथ मेक्सिकोत सिद्ध झाला. त्यात झेंडूचा उपयोग उचकीवर, वीज अंगावर पडलेल्या माणसासाठी आणि नदी सुखरूप पार करू इच्छिणाऱ्यासाठी सांगितला आहे. औषध आणि श्रद्धा यांची सरमिसळ जगात सर्वत्रच होती, हे यावरून दिसते.

कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेस पोहोचला. त्यानंतरच तेथील वनस्पती जगभर पसरल्या. मिरची, बटाटा आणि पेरू जसे आपल्याकडे नंतर आले, तसाच झेंडूही आला. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहिता त्यापूर्वी कित्येक शतके रचल्या गेल्या. म्हणून 'झेंडू हे आपल्या प्राचीन संहितांतील औषध आहे' या विधानास आधार नाही. लोकव्यवहारात तो पुढे औषध म्हणून रुळला. त्यास परंपरा म्हणावे. परंतु तिचे वय आपण समजतो तितके मोठे नाही.

कॅलेंडुलाची परंपरा

कॅलेंडुला ही भूमध्य समुद्राच्या परिसरातील. हिवाळी बागेत तिची पिवळी-केशरी फुले आपल्याकडेही दिसतात. महिन्याच्या पहिल्या दिवसाला लॅटिनमध्ये असलेल्या शब्दावरून तिचे नाव पडले. कारण वर्षातील बराच काळ ती फुलत राहते. बाराव्या शतकातील जर्मन साध्वी हिल्डेगार्ड यांच्या लेखनात तिचा औषधी उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये १५९७ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन जेरार्ड यांच्या वनस्पतिकोशात, तिच्या पाकळ्या वाळवून हिवाळ्यातील सार आणि औषधे यांसाठी साठवून ठेवतात, अशी नोंद आहे. महाराष्ट्रात कॅलेंडुला हे नाव पोहोचले ते मुख्यतः होमिओपॅथीच्या दवाखान्यांतून. तेथील अर्क आणि मलम अनेक घरांत परिचित आहेत.

विज्ञान काय सांगते?

कॅलेंडुलाच्या पाकळ्यांत फॅराडिऑल नावाच्या द्रव्याची संयुगे असतात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांनी सूज कमी केल्याचे आढळले आहे. माणसांवरील अभ्यासांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. दोन्ही स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांवर झाले. किरणांमुळे त्वचा लाल होणे, सोलवटणे आणि दुखणे, हा या उपचारातील नेहमीचा त्रास असतो.

पहिला अभ्यास फ्रान्समधील. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात २५४ स्त्रिया होत्या. निम्म्यांना कॅलेंडुलाचे मलम दिले, उरलेल्यांना तेथे वापरात असलेले दुसरे मलम. त्वचेचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास कॅलेंडुलाच्या गटात ४१ टक्के, तर दुसऱ्या गटात ६३ टक्के स्त्रियांना झाला. या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण झाली. पुढे २०१३ मध्ये स्वीडनमधील ४२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोणास कोणते मलम मिळाले हे गुप्त ठेवले होते, आणि तुलना साध्या, औषधविरहित क्रीमशी होती. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले, तर असे म्हणता येते की, कॅलेंडुला निरुपयोगी ठरलेली नाही आणि चमत्कारही ठरलेली नाही. त्वचा मऊ व ओलसर राखण्याचा लाभ साध्या क्रीमनेही मिळतो. युरोपीय औषध संस्थेनेही तिला दीर्घकालीन वापराच्या आधारेच मान्यता दिली आहे. त्वचेबाबत ती मान्यता उन्हाने भाजण्यासारखा सौम्य दाह आणि लहानसहान जखमा यांपुरती, वरून लावण्यासाठी आहे.

झेंडू त्वचेवर का नको?

झेंडूत थायोफीन वर्गातील द्रव्ये असतात. त्यांपैकी अल्फा-टरथायनिल हे द्रव्य १९४७ साली झेंडूतून वेगळे करण्यात आले. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडताच ते क्रियाशील होते आणि सजीव पेशींना इजा करू शकते. मुळांवरील सूत्रकृमींना आळा बसावा म्हणून शेतकरी टोमॅटोच्या शेतात झेंडू लावतात, त्या उपयोगामागेही हीच द्रव्ये आहेत. शेतात जे गुण उपकारक, तेच चेहऱ्यावर लेप लावून उन्हात जाणाऱ्यास अपायकारक ठरू शकतात. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाद्वारे सौंदर्यप्रसाधनांत 'टॅजेटिस इरेक्टा'च्या फुलांचा अर्क आणि तेल वापरण्यास मनाई केली, ती याच कारणाने. 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' असे मानणाऱ्यांनी या नियमाची दखल घ्यावी.

याचा अर्थ झेंडू गुणहीन आहे, असा मुळीच नाही. त्याच्या पाकळ्यांतून ल्युटीन हे पिवळे द्रव्य मोठ्या प्रमाणावर काढले जाते. आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागीही हेच द्रव्य असते. वृद्धापकाळात दृष्टिपटल झिजण्याचा विकार असलेल्या काही रुग्णांना नेत्रतज्ज्ञ ज्या गोळ्या देतात, त्यांत ते असते. मात्र हे द्रव्य कारखान्यात शुद्ध करून, मोजून पोटात दिले जाते. पाकळ्या वाटून डोळ्यांवर ठेवल्याने तो लाभ होत नाही. उलट डोळ्यांस इजा होण्याचा संभव असतो.

ओळख कशी पटवावी?

झेंडूचे पान कंगव्यासारखे, अनेक दातेरी पर्णिकांचे असते. ते चुरगळले की उग्र वास येतो. त्याचे बी सरळ, काळे आणि सुईसारखे बारीक असते. कॅलेंडुलाचे पान एकसंध, लांबट आणि हातास किंचित चिकट लागणारे असते. तिचे बी नखासारखे वाकडे असते. मलम विकत घेताना 'मेरीगोल्ड' एवढ्यावर न थांबता 'कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस' हे पूर्ण नाव पाहावे.

कॅलेंडुला वापरतानाही सावधगिरी

सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतींची ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांनी कॅलेंडुला टाळावी. आपल्याकडे याचे नित्याचे उदाहरण म्हणजे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे आणि त्याच्यामुळे होणारा त्वचारोग शेतकरी बंधुभगिनींना चांगलाच ठाऊक आहे. गाजरगवताने किंवा शेवंतीने ज्यांच्या अंगास खाज सुटते, त्यांना कॅलेंडुलाचाही त्रास होऊ शकतो. सहा वर्षांखालील मुलांना वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती लावू नये. आठवडाभरात आराम न पडल्यास, अथवा लाली, सूज किंवा पू दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. किरणोपचार सुरू असलेल्यांनी कोणतेही मलम, मग ते कितीही सौम्य असो, आपल्या डॉक्टरांना विचारूनच लावावे.

जखम झाल्यास काय करावे?

हा सारा विचार आम्ही मांडला, त्यामागे एक चिंता आहे. वाटलेल्या पाकळ्यांचा लगदा जखमेवर बसला की, आत काय चालले आहे ते दिसत नाही. बाजारातील फुलांवर माती आणि कीटकनाशकांचा अंश असू शकतो. मातीत धनुर्वाताचे जंतू सुप्तावस्थेत राहतात. मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर जखम चिघळत असूनही वेदना होत नाही. लेपावर विसंबून गेलेले चार दिवस अशा रुग्णास फार महाग पडतात, आणि प्रसंगी पाय गमावण्याची वेळ येते.

यासाठी घरातील प्रत्येकाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि कोरड्या स्वच्छ पट्टीने झाकावे.

२. भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट किंवा पाकळ्या, काहीही लावू नये.

३. धनुर्वाताची लस केव्हा घेतली ते आठवत नसेल, तर जखमेच्या दिवशीच डॉक्टरांना तसे सांगावे.

४. मधुमेही व्यक्तीने आपले तळवे रोज पाहावेत. स्वतःस दिसत नसल्यास घरच्यांनी पाहावेत. पायाची जखम कितीही लहान असली, तरी ती त्याच दिवशी दाखवावी.

५. लेप आधीच लावला असेल, तर संकोच न करता तसे सांगावे. काय लावले हे कळले, तर उपचार सुकर होतात.

आजीच्या हातच्या उपचारांविषयी आम्हांस अनादर नाही. त्या उपचारांमागे आपल्या माणसाचे दुःख हलके व्हावे ही तळमळ असते, आणि तीच तळमळ कोणत्याही रुग्णसेवेचा पाया आहे. त्या तळमळीस योग्य माहितीची जोड मिळावी, एवढेच आमचे सांगणे. झेंडूची माळ दारावर अवश्य असावी. जखमेसाठी मात्र स्वच्छ पाणी, स्वच्छ पट्टी आणि वेळेवर घेतलेला सल्ला असावा. हे पान वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना वाचून दाखवावे, अशी आमची सर्व हितचिंतकांना नम्र विनंती आहे.