गिझर गेला, लाइन राहिली

गॅस गिझर काढून सोलर बसवलं की तो विषय संपला, असं घरात सगळ्यांनाच वाटतं. गिझर भंगारात जातो, पण त्याच्यासाठी ड्राय बाल्कनीत ओढलेली लाइन भिंतीवरच राहते. मीटरचा व्हॉल्व्ह चालू आहे तोवर तिच्यात कॉकपर्यंत गॅस भरलेलाच असतो. पुण्यात जुना फ्लॅट घेतला तेव्हा अशी एक लाइन आमच्या वाट्याला आली.

आधीच्या मालकांनी कुणा प्लंबरकडून कॉक बंद करून घेतला होता, तोंडावर एम-सील थापून वरून रंग मारला होता. बघणाऱ्याला काम पक्कंच वाटावं. पाइप उभा होता, त्यामुळे बंद कॉकची दांडी आडवी राहायची आणि तिला पिशव्या अडकवणं सोयीचं व्हायचं. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेगडी नीट बंद केलीस ना? वास येतोय." शेगडी बंदच होती. पिशवीच्या ओझ्याने बाल्कनीतली दांडी खाली आली होती, म्हणजे कॉक उघडला होता आणि एम-सीलला तडा गेला होता.

आम्ही मीटरचा व्हॉल्व्ह बंद केला, दारंखिडक्या उघडल्या, एकाही बटणाला हात लावला नाही. एक्झॉस्ट फॅनही नाही, कारण बटणाची ठिणगी पुरते. इमारतीखाली उतरून मगच बिलावरच्या आपत्कालीन नंबरला फोन केला. आलेला तंत्रज्ञ एम-सील खरवडताना म्हणाला, "ताई, कॉक गॅस अडवतो. लाइन संपवायची तर प्लग लागतो."

घरातल्या लाइनीत गॅसचा दाब अवघा 21 मिलीबारच्या आसपास असतो, म्हणून लोक एम-सील, बूच किंवा दुमडून तारेने बांधलेल्या नळीवर भागवतात. पण दाब कमी असला तरी गळती रात्रंदिवस चालू राहते. हवेत नैसर्गिक गॅसचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान गेलं की तो पेट घेतो, आणि बंद कपाटात तेवढा साठायला वेळ लागत नाही.

लाइन बंद करण्याच्या रीती दोन. पुढे कधी वापरायची शक्यता असेल तर टोकाला आट्यांचा धातूचा प्लग किंवा कॅप बसवायची. ती कायमची नको असेल, तर फाटा जिथून निघतो त्या टी-जवळच तोडून तिथे प्लग मारायचा, म्हणजे गॅस भरलेला रिकामटेकडा पाइप घरात उरत नाही. आमच्याकडे दुसरी रीत वापरली. काम गॅस कंपनीकडे अर्ज करून तिच्याच माणसाकडून करून घ्यावं. नळाचं काम करणाऱ्या प्लंबरकडून नको. प्लग बसल्यावर गेज लावून दाब टिकतो का, हे तुमच्यासमोर बघायला सांगा. मग गॅस सोडून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा, फुगे आले तर जोड गळतोय. काडी पेटवून तपासणं म्हणजे अपघाताला आवतण.

किचनच्या ट्रॉल्या करताना सुतार ही लाइन हमखास कपाटामागे बुजवतो. त्याला आधीच अडवा. लाइन उघडी राहू द्या, नाहीतर कपाटाला वर आणि खाली जाळी ठेवा. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइपचा गॅस आल्यावर सिलिंडर घरात पडून असेल, तर त्याच्या तोंडाला दोरीची सेफ्टी कॅप लावलेली हवी. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा नंबर आहे.

फ्लॅट विकत घ्या किंवा भाड्याने, किल्ली हातात घेण्याआधी मीटरपासून निघालेला प्रत्येक पाइप शेवटपर्यंत डोळ्यांनी बघून घ्या. त्याच्या टोकाला एकतर चालू शेगडी किंवा गिझर असावा, नाहीतर धातूचा प्लग. तिसरं काहीही दिसलं, तर सामान हलवण्याआधी मीटरचा व्हॉल्व्ह बंद करून गॅस कंपनीला बोलवा.