भयपटाची नांदी



नाटकाला जशी नांदी, तशी चित्रपटाला आरंभाची पहिली दीड-दोन मिनिटे. पुढे काय वाढून ठेवले आहे याची चाहूल प्रेक्षकाला तेथेच लागते. यंदा आपल्या शाळेतील नववीच्या काही मुलामुलींनी एका भयपटाचा असाच आरंभ चित्रित केला. साधने म्हणजे दोन मोबाइल, टेबलावरचा एक दिवा आणि वर्गणीतून जमलेले तीनशे रुपये. हा उद्योग करताना त्यांना व मला जे शिकावयास मिळाले, ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा पाठ लिहीत आहे.

पैसा नसताना चित्रपट काढावयाचा तर आधी लहानसा नमुना करून दाखवावा, ही वाट दादासाहेब फाळके यांनीच घालून दिली आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा एकाच जागी ठेवून दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेतली. दाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होताना पडद्यावर दिसला, तेव्हा भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला.

भयपटांपुरते पाहिले तर रामसे बंधूंचे उदाहरण बोधप्रद आहे. त्यांचे वडील फत्तेचंद रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईस आले. त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा १९७० सालचा चित्रपट चालला नाही. परंतु मुखवटा चढवून चोरीस निघालेल्या पृथ्वीराज कपूर यांचा त्यातील प्रसंग पाहून प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी हेरले. मग १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ हा भयपट त्यांनी महाबळेश्वरास जाऊन अत्यंत काटकसरीने चित्रित केला. कॅमेरा एका भावाकडे, ध्वनी दुसऱ्याकडे, संकलन तिसऱ्याकडे, आणि सर्वांचा स्वयंपाक आईकडे! हे शास्त्र ते कोणत्याही विद्यालयात शिकले नव्हते. जोसेफ मॅसेली या अमेरिकन लेखकाचा १९६५ सालचा एक ग्रंथ त्यांनी अभ्यासला. कॅमेऱ्याचा कोन, दृश्यांची सलगता, संकलन, निकटदृश्य आणि चौकटीतील रचना असे त्या ग्रंथाचे पाच विषय आहेत. आमच्या मुलांनीही हेच पाच विषय वहीत उतरवून घेतले.

पहिला प्रश्न जागेचा निघाला. भोपाळात जुन्या वास्तूंना तोटा नाही. एकाने शाहजहाँ बेगमेचा ताजमहाल सुचविला. परंतु अशा वास्तूत चित्रीकरणास परवानगी लागते, आणि पडक्या छताखाली मुलांना उभे करणे हा शहाणपणा नव्हे. दुसऱ्याला केरवा धरणाकडचे रान हवे होते. त्या रानात खरोखरीचे वाघ हिंडतात, तेव्हा तेथे भुताची गरजच पडणार नाही, असे म्हटल्यावर सारा वर्ग हसला.

मग एक मुलगा म्हणाला, “बाई, तो बंद कारखाना घेऊ या. सगळ्यांना ठाऊक आहे. नुसता बाहेरून दाखविला तरी लोक घाबरतील.”

वर्ग एकाएकी शांत झाला. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. झोपेतली माणसे उठून वाट फुटेल तिकडे धावली. हजारो प्राणास मुकली, आणि पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाली. मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “माझी आजी अजून जिन्याच्या चार पायऱ्या चढली की थांबते. तिला हा सिनेमा दाखवायचा का?”

मी काही बोलण्याची वेळच आली नाही. ज्याने सूचना केली होती, त्यानेच फळ्यावरचे आपले टिपण पुसून टाकले.

त्या रात्रीवर चित्रपट काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. ‘भोपाल एक्सप्रेस’ हा १९९९ सालचा चित्रपट आणि ‘द रेल्वे मेन’ ही २०२३ सालची मालिका त्याच विषयावर आहेत. मात्र त्यांत ती घटनाच सांगण्याचा हेतू होता. आम्हांला कोणाचे काहीच सांगावयाचे नव्हते. आयते भय तेवढे उचलावयाचे होते. थोड्या वेळाने दिवे लागतील आणि सारे सुखरूप घरी जातील, हे भयपट पाहणाऱ्यास पक्के ठाऊक असते. त्या भरवशावरच तो भिण्याची मौज घेतो. त्या रात्री धावणाऱ्यांना असा भरवसा नव्हता. आणखी एक पथ्य आम्ही पाळले. केस मोकळे सोडलेली म्हातारी किंवा विधवा हेच भूत, ही ठरीव कल्पना टाकून दिली. आपल्या देशात आजही काही ठिकाणी निराधार स्त्रियांना चेटकीण ठरवून छळतात. त्या समजुतीला आपण खतपाणी का घालावे?

अखेर जागा ठरली ती आमचाच वर्ग. कथानक असे : शाळा सुटल्यावर एक मुलगी विसरलेली कंपासपेटी नेण्यास परत येते. वर्गात कोणी नाही. गंमत म्हणून ती बाईंच्या खुर्चीवर बसते, हजेरीपट उघडते आणि ऐटीत क्रमांक पुकारू लागते. सतराव्या क्रमांकापुढे नावच लिहिलेले नाही. तरी ओघात ती “सतरा” म्हणून जाते. मागच्या बाकावरून उत्तर येते, “हजर.” तेथेच नांदी संपते आणि चित्रपटाचे नाव झळकते.

सतरापुढची रिकामी ओळ प्रेक्षकाला आधी दिसते, मुलीला नंतर. ही युक्ती आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाच्या शिकवणीतली. त्याचे सांगणे असे की, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि पात्रांना कळले नाही, तर तो कितीतरी वेळ श्वास रोखून बसतो. आमच्या मुलीने “चौदा, पंधरा” म्हणावयास सुरुवात केली की पाहणाऱ्याचे मन पुढे धावू लागते.

आता प्रकाशाविषयी. भयपट म्हणजे काळोख, असे समजून मुलांनी पहिल्या दिवशी रात्री आठ वाजता चित्रण केले. सारे दृश्य मुंग्या पसरल्यासारखे दाणेदार आले. मोबाइलमधील प्रकाशग्राही पट्टी बोटाच्या नखाहूनही लहान असते. प्रकाश अपुरा पडला की यंत्र तो कृत्रिमरीत्या वाढविते आणि चित्र बिघडते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिन्हीसांजेची वेळ धरली. सूर्यास्तानंतर सुमारे वीस मिनिटे आकाशात निळसर उजेड असतो. तो खिडकीतून येऊ दिला, खोलीत एकच दिवा ठेवला, आणि चेहऱ्याची दुसरी बाजू अगदीच बुडू नये म्हणून समोर थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरला. दिव्याच्या उजेडात चित्रावर काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रत्येक चित्राचा प्रकाशकाळ १/५० सेकंद ठेवला की त्यात बरोबर दोन लुकलुकी मावतात व पट्टे नाहीसे होतात. पदार्थविज्ञानाच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!

दृश्ये एकंदर सातच : लांबलचक रिकामा व्हरांडा, अर्धवट उघडे दार, कंपासपेटीवर पडणारा हात, खुर्ची, हजेरीपटाचे निकटदृश्य, मागची बाके आणि मुलीचा चेहरा. मुलीपासून मागच्या बाकापर्यंत एक काल्पनिक रेघ धरून कॅमेरा सदैव तिच्या एकाच बाजूस ठेवला. रेघ ओलांडली की मुलगी भलतीकडेच पाहते असे वाटते आणि सलगता तुटते. व्हरांड्यातून सरकणारे दृश्य घेण्यास चाकांची गाडी नव्हती. अमेरिकेत सॅम रेमी याने १९८१ सालच्या ‘द ईव्हिल डेड’ या अल्पखर्ची चित्रपटात कॅमेरा फळीवर बसविला आणि दोघे जण ती फळी धरून धावले. आमच्या मुलांनी घरचा पाट आणला.

मागची बाके आम्ही एकदा दाखविली ती मुद्दाम रिकामी. “हजर” हा शब्द येतो तेव्हा कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावरून हलत नाही. प्रेक्षक मनातल्या मनात त्या बाकावर जे बसवितो, तसे भूत तीनशे रुपयांत काय, तीन लाखांतही रंगविता येणार नाही. जॉर्ज रोमेरो याच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाचा आरंभ तर दिवसाउजेडी स्मशानात होतो. भाऊ बहिणीची थट्टा करीत असतो आणि दूर मागे एक साधासुधा माणूस चालताना दिसतो; त्याच्याकडे प्रथम कोणी लक्षही देत नाही. चौकटीतील रचना म्हणतात ती हीच. आपल्या भोपाळात व चंदेरीत चित्रित झालेल्या २०१८ सालच्या ‘स्त्री’ या चित्रपटात घरांच्या भिंतींवर लिहिलेली एक विनंतीच गावचे भय सांगून जाते. त्याला खर्च किती? थोडा रंग आणि एक कुंचला.

राहिला ध्वनी. माझे बालपण गोव्यात गेले. गावचा राखणदार देवचार रात्री हिंडतो, अशी तेथे श्रद्धा आहे. त्याला पाहिल्याचे सांगणारे मला फारसे भेटले नाहीत. त्याच्या काठीचा आवाज ऐकल्याचे सांगणारे मात्र पुष्कळ होते. कौलांवर माडाची झावळी पडली तरी आम्ही भावंडे पांघरुणात शिरत असू. कान डोळ्यांपेक्षा लवकर घाबरतात, हे मी तेव्हाच शिकले.

आमच्या “हजर”ने प्रथम फजितीच केली. मुलीने तो शब्द मोबाइल तोंडाशी धरून म्हटला, तो कानाशी कोणी बोलल्यासारखा आला आणि सारे हसले. मग मोबाइल बाईंच्या टेबलावर ठेवला, आणि तीच मुलगी मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून, अगदी नेहमीच्या आवाजात “हजर” म्हणाली. या वेळी कोणी हसले नाही. पंखा व पाण्याचा पंप बंद ठेवून रिकाम्या वर्गाची अर्ध्या मिनिटाची शांतताही आम्ही मुद्रित केली. दोन दृश्यांच्या जोडावर ती पसरली नाही तर जोड कानाला खुपतो.

खर्च झाला दोनशे चाळीस रुपये. त्यातील निम्मे समोशांचे. दाखविण्याच्या दिवशी पाचवीची मुले किंचाळली, आणि दिवे लागताच आपल्याच किंचाळण्यावर पोट धरधरून हसली. “हजर” म्हणणारी मुलगी म्हणजे त्या आजींचीच नात. तिने घरी जाऊन तो दीड मिनिटाचा चित्रपट आजींना दाखविला. “सतरा नंबर कोणाचा गं?” असे त्यांनी दोनदा विचारले, एवढेच तिने मला सांगितले.

मित्रहो, मोबाइल आज पुष्कळांच्या घरी आहे. तुम्हीही जरूर प्रयत्न करा. वर्गातल्या, घरातल्या, जिन्याखालच्या साध्या गोष्टींत भय भरपूर साठलेले असते. त्यासाठी पैसा लागत नाही. फक्त ते कोणाच्या दुःखातून उसने आणू नका.