शिलकेचा अर्थ : नामदार गोखले यांचे १९०२ चे भाषण

नागपुरास हिवाळी अधिवेशन भरले म्हणजे पुरवणी मागण्यांवर मागल्या बाकावरील सभासद काय बोलतो, इकडे आपले कास्तकार बंधू फारसे लक्ष देत नाहीत. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्या भाषणाचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न असतो. याबाबत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

ता. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. १८९२ च्या कायद्यान्वये सभासदांस चर्चेची मुभा होती, मत देण्याची नव्हती. सरकार मोठ्या शिलकेबद्दल समाधान मानीत होते. त्या अभिनंदनात सामील होण्याचे गोखल्यांनी नाकारले. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला असता तिजोरी भरते, ही रयतेच्या भरभराटीची खूण नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले.

हिशेब असा. सरकारचा विलायतेतील खर्च पौंडांत भरावा लागे. रुपया घसरत गेला तसतसे ही तूट भरून काढण्यास कर वाढविण्यात आले; मिठावर १८८८ पासून दर मणास २ रुपये ८ आणे कर बसला. १८९४-९५ साली रुपया सुमारे १३ पेन्सांवर, म्हणजे पौंडास १८॥ रुपये, इतका उतरला होता. परंतु १८९३ सालीच टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या होत्या. त्यायोगे पुढे तो १६ पेन्सांवर चढला व पौंडास १५ रुपये पुरू लागले. कर मात्र तसेच राहिले. शिल्लक ती हीच!

हाच हिशेब आपल्या बांधावरून पाहावा. विलायतेत एका पौंडास विकलेल्या कापसाचे १८॥ ऐवजी १५ रुपये हाती येणार. शेतसारा व सावकाराचे देणे मात्र पूर्वीइतक्याच रुपयांत.

मिठाचा कर १९०३ साली २ रुपये, १९०५ साली दीड व १९०७ साली १ रुपया झाला. प्राप्तिकराची मर्यादाही १९०३ साली ५०० वरून १००० रुपयांवर गेली. याचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांस देणे रास्त नव्हे. तिजोरीच भरलेली होती. लष्करी खर्चाविषयी तर त्यांचे कोणी ऐकले नाही. देशी गिरण्यांच्या कापडावरील शेकडा ३॥ ची जकात, जी नागपूरच्या एम्प्रेस मिललाही भरावी लागे, रद्द करावी अशी त्यांची मागणी होती. ती जकात कायद्याने उठली १९२६ साली, त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी.