माहितीसंचाचे जुन्या आवृत्तीत रूपांतर : काही पथ्ये

शासकीय कार्यालये, शाळा आणि पंचायती यांच्या कितीतरी नोंदवह्या आता संगणकावर आल्या आहेत. परंतु सर्व ठिकाणचे संगणक सारख्याच वयाचे नसतात. नव्या आवृत्तीत तयार केलेला माहितीसंच जुन्या आवृत्तीच्या संगणकावर उघडत नाही, आणि मग त्याचे जुन्या स्वरूपात रूपांतर करणे भाग पडते. हे काम वरवर सोपे दिसते. तथापि मोठ्या भांड्यातील पाणी लहान भांड्यात ओतताना काय सांडेल, याचा विचार आधीच करावयास हवा. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्सेस’ या प्रणालीच्या उदाहरणाने हा विषय समजून घेऊ.

फाईलींच्या पिढ्या

ॲक्सेस ९७ ची फाईल आणि ॲक्सेस २००० ते २००३ ची फाईल या दोन्ही ‘एमडीबी’ म्हणूनच ओळखल्या जातात. मात्र त्यांची अंतर्गत रचना भिन्न आहे. पहिलीची कमाल मर्यादा १ गिगाबाइट, तर दुसरीची २ गिगाबाइट. २००७ च्या आवृत्तीपासून ‘एसीसीडीबी’ हे नवे स्वरूप आले. २००३ ची प्रणाली ते उघडू शकत नाही.

काय मावत नाही?

समजा, एका विद्यालयाची विद्यार्थी-नोंदवही ॲक्सेस २०१० मध्ये आहे आणि ती २००३ च्या प्रणालीत न्यावयाची आहे. तिच्यात तीन गोष्टी आढळल्यास रूपांतर अडते : एकाच रकान्यात अनेक मूल्ये, रकान्याला जोडलेली छायाचित्रे वा दाखले, आणि आपोआप बेरीज करणारा गणिती रकाना. त्यांची सोय आधी करावी. एका विद्यार्थ्याच्या अनेक शिष्यवृत्त्यांसाठी स्वतंत्र तक्ता करून प्रत्येक शिष्यवृत्तीची वेगळी ओळ लिहावी. छायाचित्रे संगणकावरील एका फोल्डरमध्ये काढून ठेवावीत व रकान्यात केवळ त्यांचा पत्ता नोंदवावा. गुणांची बेरीज तक्त्यात न ठेवता क्वेरीद्वारे काढावी.

रूपांतराची रीत

प्रथम मूळ फाईलीची प्रत काढून वेगळी ठेवावी व वरील सर्व बदल दुसऱ्या प्रतीवरच करावेत. उघडे असलेले तक्ते, फॉर्म व अहवाल बंद करावेत. त्यानंतर २०१० च्या आवृत्तीत ‘फाईल’, ‘सेव्ह अँड पब्लिश’, ‘सेव्ह डेटाबेस ॲज’ या क्रमाने जाऊन ‘ॲक्सेस २००२–२००३ डेटाबेस’ हा पर्याय निवडावा. नवी फाईल निराळ्या नावाने तयार होते.

मराठी मजकुराचा धोका

ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोड पद्धतीने साठविला जातो; त्यामुळे २००३ च्या स्वरूपात देवनागरी नावे सुरक्षित राहतात. ॲक्सेस ९७ मध्ये युनिकोड नाही, आणि विंडोजच्या जुन्या अक्षरसंचांत देवनागरीला स्थान नव्हते. म्हणून त्या स्वरूपात गेलेल्या युनिकोड मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. ती प्रश्नचिन्हे पुन्हा अक्षरांत बदलता येत नाहीत. मूळ प्रत नसेल, तर ती नावे कायमची गेली असे समजावे. शिवाय ॲक्सेस २०१३ व त्यापुढील आवृत्त्या ९७ ची फाईल उघडत नाहीत. सबब, मराठी नोंदी ९७ च्या स्वरूपात नेऊच नयेत.

पडताळणी

रूपांतर निर्विघ्न झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या जुन्या व नव्या फाईलीत ताडून पाहावी. रकमांच्या व गुणांच्या बेरजा जुळवाव्यात. काही नोंदी मूळ कागदाशी अक्षरश: वाचून पाहाव्यात आणि हे सर्व ज्या संगणकावर फाईल वापरावयाची आहे, तेथेच करावे.

एखाद्या विद्यार्थ्याची जन्मतारीख किंवा एखाद्या खातेदाराचे नाव यांवर पुढे दाखले, लाभ व हक्क अवलंबून असतात. नोंद कागदावर असो वा संगणकावर, तिची जबाबदारी तीच. म्हणून पडताळणी पूर्ण होऊन काम सुरळीत चालू झाल्यानंतरही मूळ प्रत जपून ठेवावी.